ओलवे, सुधारक

(१९ मार्च १९६६ – ). मुंबईत काम करणारे मराठी दस्तऐवजी छायाचित्रकार. त्यांचा जन्म अकोला येथे झाला. १९८८ पासून वृत्तछायाचित्रकार म्हणून त्यांनी मोठ्या वृत्तपत्रांसाठी काम केले. मात्र त्यांची खरी ओळख मुंबई महानगरपालिकेच्या सफाई कामगारांवरील कृष्णधवल छायाचित्रमालिकेमुळे झाली.

दस्तऐवजी छायाचित्रण म्हणजे एखाद्या समाजगटाच्या जगण्याची दीर्घकाळ सोबत करून केलेली चित्रनोंद. बातमीचे छायाचित्र घटनेपुरते असते, तर येथे छायाचित्रकार त्याच माणसांकडे पुन्हा पुन्हा जातो आणि सुट्या चित्रांच्या क्रमातून सलग कथन उभे करतो. न्यूयॉर्कमधील गरीब वस्त्यांचे जेकब रीस यांनी १८९० मध्ये पुस्तकरूपाने मांडलेले दर्शन आणि १९४३ च्या बंगालच्या दुष्काळाची सुनील जाना यांनी टिपलेली छायाचित्रे ही या परंपरेतील ठळक उदाहरणे होत.

ओलवे यांच्या मालिकेत मॅनहोलमध्ये उतरलेला, गाळाने माखलेला कामगार दिसतो, तसेच हातमोजे आणि गमबूट यांवाचून कचरा उपसणारी माणसेही दिसतात. रंग वगळल्यामुळे ओली त्वचा, गाळ आणि सिमेंट हे सारे करड्या छटांत एकमेकांत मिसळते व प्रेक्षकाची नजर चेहऱ्यावर स्थिरावते. त्या चेहऱ्याला केवळ दयेचा विषय होऊ न देणे हे या चित्रांचे मोठे कलात्मक यश आहे. हा कॅमेरा कामगाराच्या मागोमाग त्याच्या घरातही जातो. सफाईचे काम करणारे बहुतांश दलित आहेत. सफाई कामगारांच्या प्रश्नांवरील लाड-पागे समितीच्या शिफारशींनुसार कामगाराच्या वारसाला नोकरी मिळते आणि पालिकेची खोलीही नोकरीशीच बांधलेली असते, त्यामुळे घर टिकवायचे तर मुलाने बापाचा झाडू हाती घ्यावा, अशी कोंडी होते. संरक्षण म्हणून आलेल्या तरतुदीतून जातीचा धंदा पुढच्या पिढीकडे कसा जातो, हे समजण्यासाठी ही मालिका एखाद्या अहवालाइतकीच महत्त्वाची आहे. हाताने मैला साफ करण्यास प्रतिबंध करणारा नवा केंद्रीय कायदा २०१३ मध्ये झाला; सफाई कामगारांवरील ओलवे यांचे ‘इन सर्च ऑफ डिग्निटी अँड जस्टिस’ हे पुस्तकही त्याच वर्षीचे.

‘स्पिरिटेड सोल्स’ हे मुंबईतील कर्तबगार स्त्रियांवरील त्यांचे आणखी एक पुस्तक. जातीय अत्याचार आणि मुंबईतील कामाठीपुरा या वेश्यावस्तीतील स्त्रियांचे जीवन हेही त्यांच्या कामाचे विषय राहिले. ‘फोटोग्राफी प्रमोशन ट्रस्ट’ या संस्थेमार्फत त्यांनी वंचित समाजातील तरुणांच्या हाती कॅमेरा दिला. २००५ मध्ये नॅशनल जिऑग्राफिकच्या ‘ऑल रोड्स’ पुरस्काराच्या चार मानकऱ्यांत त्यांचा समावेश होता. भारत सरकारने २०१६ मध्ये त्यांना पद्मश्री दिली, ती समाजकार्य या विभागात. कला विभागातही हा सन्मान तितकाच यथार्थ ठरला असता.