बार्बेरीवाचून तांबेरा

निफाडच्या शेतकऱ्याला गव्हावरचा तांबेरा ओळखून द्यावयास नको. पण काळ्या तांबेऱ्याच्या बुरशीचा संसार मोठा चमत्कारिक आहे. गव्हावर तिच्या पेशीपेशीत दोन केंद्रके शेजारी नांदतात, पण एकजीव होत नाहीत. मला तर एकाच कारखान्यातल्या दोन युनियन आठवतात! हंगामाअखेर काळ्या बीजाणूत ती एक होतात, पुन्हा विभागतात, आणि पुढली पिढी बार्बेरीवर, म्हणजे आपल्या दारुहळदीच्या जातीच्या झुडपावर, वाढते. हे डी बारीने १८६५ साली दाखविले. त्या झुडपावरच दोन भिन्न प्रकारांचे मीलन होते, हे क्रेगीने १९२७ साली दाखविले. अमेरिकेने तर १९१८ पासून बार्बेरी उपटण्याची मोहीमच काढली.

आपल्याकडे मात्र आग्र्याच्या प्रा. करमचंद मेहतांनी वर्षानुवर्षे खपून सिद्ध केले की, झुडपाचा येथे हात नाही. मैदानातले तांबडे बीजाणू उन्हाळ्यात मरतात. थंड डोंगरांत ते तगतात आणि वाऱ्यावरून पुन्हा खाली येतात. म्हणजे मीलनावाचूनच वंश चालतो. तरी त्यात अवचित बदल होतात, आणि कालचा कणखर वाण आज बळी पडतो. निफाडच्या गहू संशोधकांना म्हणूनच नवे वाण काढीत राहावे लागते.