चाकाचा नट आणि माणसाचा हात

मोटारीचें चाक बदलणें हें काम पाहणाऱ्याला सोपें वाटतें. जॅक लावावा, चार-पांच नट सोडावे, स्टेपनी चढवावी आणि मार्गाला लागावें! परंतु ज्याच्यावर हा प्रसंग घाटांत किंवा भर पावसांत आला असेल, त्याला खरी अडचण कोठें असते हें ठाऊक आहे. सारें अडतें तें नटापाशीं. गंजलेला, किंवा कोणीं बेसुमार आवळून ठेवलेला नट हाताला दाद देत नाहीं. पान्यावर पाय देऊन उभें राहावें लागतें, आणि तरीही तो हलेलच असा भरंवसा नसतो. आज अनेक घरांत बॅटरीवर चालणारें एक हातांत मावणारें यंत्र हेंच काम कांहीं सेकंदांत करतें. त्याला ‘इम्पॅक्ट रेंच’ म्हणतात. कारागिरांच्या बोलण्यांत ती नुसती ‘गन’ असते. या यंत्राच्या मागें जवळजवळ दोन शतकांचा इतिहास आहे, आणि तो जितका शक्तीचा आहे तितकाच मापाचाही आहे.

आरंभ आट्यांपासून करावा लागतो. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत इंग्लंडांतील प्रत्येक कारखाना आपापल्या मनाप्रमाणें बोल्टाचे आटे पाडीत असे. एका कारखान्याचा नट दुसऱ्याच्या बोल्टाला बसत नसे. जोसेफ व्हिटवर्थ यानें निरनिराळ्या कारखान्यांतील नमुने जमवून १८४१ सालीं ५५ अंशांच्या आट्यांचें एक सर्वमान्य माप सुचविलें. अमेरिकेंत विल्यम सेलर्स यानें १८६४ मध्यें ६० अंशांचें माप मांडलें. नट सारखे झाले, तेव्हां पानेही सारखे करतां येऊं लागले. लोरिंग कोझ या अमेरिकन कारागिरानें १८४१ मध्येंच स्क्रूनें लहानमोठा करतां येणाऱ्या पान्याचें पेटंट घेतलें. पुढें स्वीडनच्या योहान पेटर योहान्सन यानें १८९२ च्या सुमारास त्याला आजचें सुटसुटीत रूप दिलें.

मोटारी आल्या तेव्हां त्यांच्याबरोबर जादा चाक नसे. टायर फुटला कीं तो जागच्या जागीं दुरुस्त करावा लागे. वेल्समधील लानेथ्ली या गांवच्या डेव्हिस बंधूंनीं १९०४ सालीं जादा चाकाची कल्पना प्रत्यक्षांत आणली. त्यांचें दुकान होतें स्टेपनी स्ट्रीटवर, म्हणून त्या चाकाचें नांव पडलें ‘स्टेपनी’. इंग्लंडांत हा शब्द केव्हांच मागें पडला. महाराष्ट्रांत मात्र तो मराठीच होऊन बसला आहे. पुढें सबंध चाकच नटांनीं काढतां-घालतां येऊं लागलें, आणि मोटारमालकाच्या नशिबीं पान्याचे श्रम आले.

या श्रमांचें गणित साधें आहे. सर्वसाधारण लहान मोटारीचा नट सुमारें १०० न्यूटन-मीटर इतक्या पिळानें आवळलेला असतो. अर्धा मीटर लांबीच्या पान्याच्या टोंकावर वीस किलोंचा भार द्यावा, तेव्हां तितका पीळ मिळतो. गाडीबरोबर येणारा पाना बहुधा याहून आंखूड असतो, आणि गंजलेला नट याहून पुष्कळच अधिक मागतो. मग कारागीर पान्याच्या दांड्यावर नळी चढवून त्याची लांबी वाढवितात. मोटर लावून पाना फिरविला तर? तेथें निसर्गाचा नियम आड येतो. यंत्र नटाला जितक्या जोरानें पिळतें, तितक्याच जोरानें तें धरणाऱ्याच्या मनगटालाही उलट पिळतें.

या पेंचांतून मार्ग निघाला तो हातोड्याच्या न्यायानें. खिळ्यावर जड वरवंटा नुसता ठेवला तर खिळा लाकडांत शिरत नाहीं. पण लहानशा हातोडीचे दोन घाव पुरे होतात. अमेरिकेंतील एव्हान्सव्हिल येथील रॉबर्ट पॉट यानें १९३० नंतरच्या दशकांत हेंच तत्त्व पान्याला लावलें. यंत्राच्या पोटांत एक फिरता हातोडा आणि एक ऐरण असते. मोटर हातोड्याला गति देते, तो ऐरणीवर आदळतो, सुटतो, पुन्हां गति घेऊन आदळतो. मिनिटाला शेंकडों, आजच्या यंत्रांत हजारों, असे आघात नटावर होतात. प्रत्येक आघात क्षणिक असल्यामुळें नटाला जबरदस्त पीळ बसतो, पण धरणाऱ्या हाताला केवळ थरथर जाणवते.

तथापि हीं यंत्रें मुख्यतः दाबलेल्या हवेवर चालत. हवेचा कॉम्प्रेसर आणि लांब नळी गॅरेजला शोभे, घराला नव्हे. ब्लॅक अँड डेकर या बाल्टिमोरच्या कंपनीनें १९१७ मध्यें पिस्तुलासारख्या मुठीच्या विजेच्या ड्रिलचें पेटंट मिळविलें होतें; त्याच कंपनीनें १९६१ मध्यें बॅटरीवर चालणारें ड्रिल बाजारांत आणलें. बिनतारी हत्यारें अंतराळ-संशोधनांतून जन्मलीं अशी एक समजूत आहे, ती या सालावरूनच खोटी ठरते. अंतराळवीरांसाठीं विशेष पाना मात्र नंतर खरोखरच तयार झाला. अधांतरीं तरंगणाऱ्या माणसानें साधा पाना फिरविला तर नटाऐवजीं तोच फिरूं लागेल! म्हणून उलट पीळ न देणारें हत्यार जेमिनी योजनेसाठीं बनविण्यांत आलें. मार्च १९६६ मध्यें डेव्हिड स्कॉट त्याची परीक्षा घेणार होता. पण जेमिनी-८ यान अकस्मात् गरगरूं लागल्यामुळें तें तांतडीनें परत आणावें लागलें, आणि परीक्षा राहून गेली.

घरगुती उपयोगाला खरी आडकाठी बॅटरीची होती. वाल्डेमार युंगनर या स्वीडिश शास्त्रज्ञानें १८९९ मध्यें शोधलेली निकेल-कॅडमियम बॅटरी दणकट, पण जड. लिथियम-आयन बॅटरी १९९१ मध्यें सोनी कंपनीनें प्रथम विक्रीस आणली. तिच्या मूळ संशोधनासाठीं गुडइनफ, व्हिटिंगहॅम व योशिनो यांना २०१९ चें नोबेल पारितोषिक मिळालें. २००५ पासून ती हत्यारांत येऊं लागली, आणि हवेच्या नळीला बांधलेली शक्ति घराच्या अंगणांत आली.

येथेंच मापाचा प्रश्न उभा राहतो. बोल्ट हा एक प्रकारचा ताठ स्प्रिंग आहे. आवळतांना तो किंचित् ताणला जातो, आणि त्या ताणामुळेंच चाक घट्ट राहतें. मर्यादेपलीकडे ताणला तर तो पूर्ववत् होत नाहीं. आटे झिजतात, ब्रेकची तबकडी वांकडी होऊं शकते. हातानें आवळणाऱ्याला ही मर्यादा थोडीबहुत जाणवते. आघात करणाऱ्या यंत्राला ती जाणवत नाहीं. पीळ मोजणारा टॉर्क रेंच न्यूयॉर्कच्या पाणीपुरवठा खात्यांतील कॉनरॅड बार यानें १९१८ मध्यें केला असें मानतात. तेव्हां शक्तीचें यंत्र येण्यापूर्वींच मापाचें यंत्र आलेलें होतें; उपेक्षा झाली ती मापाची.

म्हणून जाणते लोक गन मुख्यतः नट सोडण्यासाठीं वापरतात. बसवितांना प्रत्येक नट प्रथम बोटांनीं आट्यांवर नीट चढवावा, मग समोरासमोरचे नट आळीपाळीनें आवळावे आणि गाडी जमिनीवर उतरवून शेवटचा पीळ टॉर्क रेंचनें, गाडीच्या पुस्तिकेंतील आंकड्याप्रमाणें द्यावा. पन्नास-शंभर किलोमीटर गेल्यावर तो पुन्हां तपासावा. गनला हातपान्याचा चकचकीत सॉकेट लावूं नये, तो आघातानें फुटूं शकतो. तिच्यासाठीं बनविलेला काळा सॉकेटच लावावा, आणि डोळ्यांवर चष्मा असावा.

या यंत्रानें एक मोठी गोष्ट साधली आहे. ज्यांच्या मनगटांत पहिलवानाचें बळ नाहीं अशा वृद्धांना आणि स्त्रियांनाही आपल्या वाहनाचें चाक आपण काढतां येऊं लागलें आहे. पण तेंच यंत्र बेफामपणें चालवून कोणीं नट आवळला, तर रस्त्यांत केवळ आंखूड पाना हातीं असलेला प्रवासी पूर्वीइतकाच असहाय होतो. नट आवळणाऱ्यानें तो पुढें कोणाला आणि कशानें सोडावा लागणार आहे, याचा विचार आधीं केला पाहिजे.