परदेशगमनाची सिद्धता आणि नामदार गोखले

सिंगापुरात जन्मलेल्या आपल्यापैकी कोणी आज परदेशी निघाला की पारपत्र, तिकीट, औषधे आणि तेथील ओळखीच्या माणसाचा पत्ता यांची जुळवाजुळव कित्येक दिवस आधी सुरू होते. आपल्या पूर्वजांपैकी बहुतेकांच्या वाट्याला ही सिद्धता आली नाही. कोणी नागपट्टणहून मलायात उतरले व १८७४ पासून येथील सेंट जॉन्स बेटावर असलेल्या क्वारंटाईनमधून आत आले. कोणी रत्नागिरी-सावंतवाडीकडून मुंबई बंदरावर येऊन मॉरिशसची वाट धरली. मॉरिशस, नाताळ, फिजी अशा वसाहतींच्या बाबतीत सरकारने कागदोपत्री सिद्धता पुष्कळ ठेविली होती. १८८३ च्या कायद्याने नावनोंदणी, वैद्याची तपासणी आणि अधिकाऱ्यासमोर करार वाचून दाखविणे हे सारे ठरवून दिले होते. परंतु ज्याला जावयाचे होते त्याच्या मनाची व ज्ञानाची सिद्धता कोणी करावयाची, हा प्रश्न त्या कायद्यात कोठेच नव्हता.

हा प्रश्न उघडपणे मांडणारा पुरुष महाराष्ट्रातला होता, याचा आपणांस सार्थ अभिमान वाटावा. नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांनी २५ फेब्रुवारी १९१० रोजी मध्यवर्ती कायदेमंडळात नाताळसाठी होणारी मजूरभरती बंद करण्याचा ठराव मांडला व तो संमत झाला. मलायातील गिरमिट पद्धतीही त्याच वर्षी बंद करण्यात आली. पुढे ४ मार्च १९१२ रोजी त्यांनी सर्वच वसाहतींतील गिरमिट नष्ट करण्याचा ठराव आणला. त्या भाषणातील त्यांचा युक्तिवाद मुद्दाम लक्षात घेण्याजोगा आहे. हा मजूर दूरच्या अनोळखी देशी जातो. तेथील भाषा व चालीरीती त्याला ठाऊक नसतात. धनी कोण मिळणार हे त्याला माहीत नसते. आणि कामात कसूर झाल्यास तुरुंगाची शिक्षा देणारा जो कायदा, तो त्याला निघण्यापूर्वी कोणी समजावूनही सांगत नाही. अजाण माणसाला असे बांधून घेणे म्हणजे करार नव्हेच, असा त्यांचा रोख होता. ठराव फेटाळला गेला.

त्याच वर्षी गोखले स्वतः दक्षिण आफ्रिकेस जाण्यास निघाले. स्वतःच्या परदेशगमनाची सिद्धता ते किती कसोशीने करीत, हे येथे सांगितले पाहिजे. १८९७ साली वेल्बी कमिशनपुढे साक्ष देण्यासाठी ते प्रथम विलायतेस गेले, तेव्हा त्यांचे वय अवघे तीस वर्षांचे होते. न्यायमूर्ती रानडे व गणेश व्यंकटेश जोशी यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी हिंदुस्थानच्या जमाखर्चाचा आकडा न् आकडा तपासला होता, आणि उलटतपासणीत ते कोठे डगमगले नाहीत. पण त्याच मुक्कामात पुण्याहून आलेल्या पत्रांवर विसंबून त्यांनी प्लेगच्या बंदोबस्तावरील सोल्जरांविरुद्ध गंभीर आरोप जाहीरपणे केले. परत आल्यावर पुरावा मिळेना. पत्रलेखक पुढे येईनात. गोखल्यांना जाहीर क्षमा मागावी लागली, आणि त्याबद्दल स्वकीयांचे टोमणेही सोसावे लागले. एकाच प्रवासातील हे दोन अनुभव! पुढे जन्मभर त्यांनी आकड्यावाचून शब्द उच्चारला नाही, याचे मूळ काही अंशी तरी येथे असावे, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

२२ ऑक्टोबर १९१२ रोजी ते केपटाउनला उतरले. निघण्यापूर्वी लंडनमध्ये भारतमंत्र्यांशी त्यांचे बोलणे झाले होते. मधुमेहाने प्रकृती खालावलेली, तरीही गांधीजींसह गावोगावी फिरून त्यांनी हिंदी लोकांची गाऱ्हाणी स्वतः ऐकली. त्यांतील मोठे गाऱ्हाणे तीन पौंडांच्या कराचे होते. गिरमिट संपल्यावर जो मजूर मायदेशी परतत नसे व पुन्हा करारही करीत नसे, त्याच्यावर नाताळ सरकारने १८९५ च्या कायद्याने तो बसविला होता. प्रिटोरियात जनरल बोथा व जनरल स्मट्स यांची भेट ठरली, तेव्हा गोखल्यांनी गांधीजींकडून सर्व प्रांतांतील हिंदी लोकांच्या इतिहासाचे टाचण मागविले, शंका विचारून विचारून त्यातील प्रत्येक मुद्दा पक्का केला आणि त्यासाठी रात्र जागविली. एवढ्या श्रमाची गरज नाही, असे गांधीजी म्हणत होते. गोखल्यांनी ते मानले नाही. हा सारा वृत्तान्त गांधीजींनीच आपल्या आफ्रिकेतील सत्याग्रहाच्या इतिहासात लिहून ठेविला आहे.

त्याच इतिहासातील एक गोड प्रसंग मराठी वाचकांनी विसरू नये. जोहान्सबर्गमध्ये कोकणी मुसलमान व महाराष्ट्रीय हिंदू यांच्यापुढे बोलताना गोखल्यांनी इंग्रजी सोडून मराठीत बोलावे, आपण त्याचे हिंदुस्थानीत भाषांतर करू, असे गांधीजींनी सुचविले. गांधीजींच्या हिंदुस्थानीची त्यांनी थट्टा केली खरी; परंतु भाषांतर पसंत पडल्यावर थेट झांझिबारपर्यंत अशा सभांतून ते मराठीतच बोलत राहिले. भाषणे लेखणीने घडविणाऱ्या या पुरुषाला मायबोलीत बोलण्यासाठी मात्र आग्रह करावा लागला, ही मौजेची गोष्ट होय.

मंत्र्यांच्या भेटीनंतर कर रद्द होणार, अशी गोखल्यांची खात्री झाली होती. गांधीजींना संशय होता, आणि तो खरा ठरला. १९१३ मध्ये सरकारने शब्द फिरविला. मग नाताळच्या कोळशाच्या खाणींतील व उसाच्या मळ्यांतील हजारो हिंदी मजुरांनी काम सोडले. स्त्रिया तुरुंगात गेल्या. आजारी गोखले हिंदुस्थानात त्यांच्यासाठी निधी जमवीत राहिले. १९१४ च्या कायद्याने तीन पौंडांचा कर अखेर गेला. म्हणजे रात्र जागवून केलेली सिद्धताही एकटी पुरी पडली नाही. तिला मजुरांच्या धैर्याची जोड लागली. पण त्या धैर्याला जगापुढे उभे करण्यास लागणारी माहिती गोखल्यांनी तोवर बिनचूक जमवून ठेविली होती, हेही तितकेच खरे.

१९ फेब्रुवारी १९१५ रोजी पुण्यास त्यांचे निधन झाले. १९१६ मध्ये पंडित मदनमोहन मालवीयांनी गिरमिटविरोधी ठराव पुन्हा मांडला. मार्च १९१७ मध्ये भरती थांबली. आणि १ जानेवारी १९२० रोजी फिजीतील उरलेल्या मजुरांचे करार रद्द झाले.