गळाची मासेमारी (एकट्याची)

गळ, दोरा आणि बहुधा एखादी काठी एवढ्या साधनांनी, उपजीविकेसाठी किंवा बाजारासाठी नव्हे तर निव्वळ मनोविनोदासाठी, आणि सोबतीस कोणासही न घेता केलेली मासेमारी. कोकणात गळास गरी व या क्रियेस गरवणे म्हणतात. देशावर गळ टाकणे, गळास बसणे असे प्रयोग रूढ आहेत. जाळ्याची मासेमारी स्वभावतःच समूहाची असते. रापण ओढावयाची तर निम्मे गाव किनाऱ्यावर लागते, आणि पहिल्या पावसाने ओढे भरून चढणीचे मासे शेतात शिरू लागले म्हणजे वलगणीला जी झुंबड उडते तिच्यात एकट्यास वाव तो कोठला. गळ मात्र एका वेळी एकाच माशाशी व्यवहार करतो, त्यामुळे तो चालविण्यास एक मनुष्य पुरतो. आणि मुरलेल्या गळकऱ्याचे मत विचाराल, तर दुसरा बहुधा अडचणीचाच होतो.

या अडचणीचे कारण सांगताना ‘बोलण्याने मासे पळतात’ असे सर्रास म्हटले जाते. ते अर्धेच खरे आहे. हवेतील ध्वनी पाण्यात शिरू पाहतो तेव्हा त्याच्या ऊर्जेचा हजारांत जेमतेम एक हिस्सा आत जातो व बाकीचा पृष्ठभागावरूनच माघारी परततो; तेव्हा काठावरच्या गप्पांनी माशाची झोपमोड होण्याचे भय फारसे नाही. परंतु दणक्याने टाकलेले पाऊल, खडकावर आपटलेला डबा, टाचेखालून निसटून डोहात गेलेला धोंडा यांची कंपने जमिनीतून थेट पाण्यास पोचतात, आणि माशाच्या दोन्ही अंगांवरून डोक्यापासून शेपटीपर्यंत गेलेली जी पार्श्वरेखा नावाची संवेदनशील इंद्रियपंक्ती, तिला पाण्यातील अल्पस्वल्प हालचालही कळते. दृष्टीचा प्रकार याहून चमत्कारिक आहे. प्रकाशाच्या वक्रीभवनामुळे पाण्याबाहेरचे अखिल विश्व माशास डोक्यावरच्या सुमारे ९७ अंशांच्या एका गोल गवाक्षातून दिसते. त्या गवाक्षाच्या अगदी कडेला, क्षितिजालगत जे काही असेल, ते दबून, चेपून, जवळजवळ नाहीसे होते. म्हणून काठावर उभा राहिलेला मनुष्य माशास दिसतो आणि तोच मनुष्य दोन पावले मागे सरून झुडपाच्या पाठीशी उकिडवा बसला म्हणजे दिसेनासा होतो. सूर्य पाठीशी असेल तर सावली पाण्यावर पडते, हेही ध्यानात ठेवावे लागते. दोन माणसे म्हणजे दोन सावल्या, चार पाय, आणि ‘काही लागले का?’ हा दर घटकेस विचारला जाणारा प्रश्न, ज्याचे उत्तर देण्यासाठी नजर तरंग्यावरून उचलावी लागते.

या विनोदाचा लेखी इतिहास पाहू गेल्यास एक विसंगती नजरेत भरते, ती ही की एकांताची कीर्ती गाणाऱ्या परंपरेत खरोखरीचा एकटा मनुष्य क्वचितच सापडतो. आपल्याकडील सर्वांत महत्त्वाचा दस्तऐवज म्हणजे कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात रचलेला *मानसोल्लास* हा संस्कृत ग्रंथ. त्यात राजाच्या विविध विनोदांबरोबर मत्स्यविनोदाचे स्वतंत्र प्रकरण असून माशांच्या जाती, त्यांना पोसण्याचे व भुलविण्याचे खाद्य, काठी, दोरा आणि गळ यांचा विचार त्यात आला आहे. मत्स्यशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी १९५१ साली या प्रकरणावर निबंध लिहून ते विद्वानांच्या नजरेस आणले. इंग्रजीतील या विषयावरचा पहिला छापील प्रबंध १४९६ चा, म्हणजे आपल्या दख्खनी राजाच्या मागून साडेतीनशे वर्षांनी आलेला. ही गोष्ट मराठी वाचकास ठाऊक असावी, कारण हा खेळ साहेबाने आणला अशी आपल्यात सार्वत्रिक समजूत आहे. अर्थात सोमेश्वर पडला राजा. त्याच्या विनोदास सेवक आणि सरंजाम असणारच.

ज्युलियाना बर्नर्स हिच्या नावावर घातल्या जाणाऱ्या त्या १४९६ च्या प्रबंधात मात्र मासे धरावयास जाताना फार माणसे बरोबर नेऊ नयेत, ती खेळात व्यत्यय आणतात, असा स्पष्ट उपदेश आहे. शिवाय एका दिवसात हावरेपणाने फार मासे मारू नयेत असेही बजावले आहे. आयझॅक वॉल्टन याने १६५३ साली प्रसिद्ध केलेला *द कम्प्लीट अँग्लर* हा या विषयावरचा जगातील सर्वांत गाजलेला ग्रंथ असून उपशीर्षकात तो या खेळास चिंतनशील माणसाचे मनोरंजन म्हणतो. पण पुस्तक उघडावे तो सगळा संवादच संवाद: प्रवासात भेटलेले सोबती, वाटेतल्या खाणावळी, गाणी आणि गप्पा. वॉल्टन मनाने बैठकीतला गृहस्थ होता, आणि त्याचे पुस्तक टिकले त्यात या गप्पांचा वाटा मोठा आहे असे आमचे मत आहे. चिनी परंपरेत एकांत अधिक शुद्ध स्वरूपात आढळतो. तांग काळातील कवी ल्यू त्सुंगयुआन याने बर्फाळ नदीवर एकट्याने गळ टाकून बसलेल्या म्हाताऱ्यावर लिहिलेली चार ओळींची कविता, आणि सुंग काळातील चित्रकार मा युआन याचे, रित्या जलाशयात एकच होडी व एकच धीवर दाखविणारे चित्र ही त्याची प्रसिद्ध उदाहरणे होत. दंतकथेतील च्यांग त्सया हा तर आमिषावाचून सरळ गळ टाकून बसत असे. त्यास मासा नको होता, राजा हवा होता, आणि चौ राज्याचा वेन राजा चालत त्याच्याकडे आला.

ब्रिटिश अमदानीत हिंदुस्थानातील नद्यांवर जे गोरे अधिकारी काठ्या घेऊन हिंडले त्यांत मद्रास मुलकी सेवेतील हेन्री सलिव्हन टॉमस हा प्रमुख. त्याचे *द रॉड इन इंडिया* हे पुस्तक १८७३ सालचे. त्याआधी, १८३९ साली, मुंबई सरकारचा आकडेवारी अधिकारी कर्नल साइक्स याने दख्खनच्या माशांचे वर्णन प्रसिद्ध करून पुण्याच्या मुळा-मुठेतील महसीरास शास्त्रीय नाव दिले होते. महसीर हा या खेळातील मानाचा मासा. १९४६ साली कबिनी नदीवर म्हैसूरच्या व्हॅन इंगेन घराण्यातील एकाने गळास लावलेला १२० पौंडांचा महसीर अजूनही विक्रम म्हणून सांगितला जातो; कावेरीखोऱ्यातील ती कुबडी जात २०१८ पासून अतिसंकटग्रस्त गणली जाते. असला मासा एकट्याने काठावर घेणे दुरापास्त, म्हणून साहेबाच्या ‘एकट्या’ सहलीत सामान वाहणारा, टोकरीसारखी गोल होडी वल्हवणारा आणि मासा हुकाने ओढून घेणारा गडी असेच. आठवणींच्या पुस्तकांतून त्याचा उल्लेख होतो न होतो. खरा एकटा गळकरी म्हणजे चिव्याची काठी घेऊन पऱ्ह्यावर बसलेला गावातला पोर किंवा पेन्शनीत निघालेला कारकून. त्याने काही लिहून ठेवले नाही.

साधने थोडीच. पूर्वी विलायतेत घोड्याच्या शेपटीचे केस व आपल्याकडे सुती दोरा वापरीत. नायलॉनची तार आल्यापासून दोन्ही मागे पडले. गळाच्या टोकास आतल्या बाजूस उलटा काटा असतो, तोच माशास सुटू देत नाही. दोऱ्यावर गळाच्या वीतभर वर शिशाचा मणी, आणि त्याच्या वर पाण्याच्या खोलीच्या बेताने तरंगा: मोरपिसाचा दांडा, ज्वारीच्या ताटाचा तुकडा, किंवा जुन्या चपलेच्या रबराची चकती. आमिष माशाच्या प्रकृतीप्रमाणे बदलते. रोहू, कटला, मृगळ यांना कणीक व शेंगपेंड मळून केलेली गोळी, वाम व शिंगाळ्यास गांडूळ, मरळीस जिवंत बेडकुळी, खाडीच्या तोंडाशी तांबोशी किंवा जिताड्यास जिवंत कोळंबी. गांडूळ गळावर ओवताना टोक झाकले जाईल पण शेपटीचा बोटभर भाग मोकळा वळवळत राहील असे पाहावे लागते; पूर्ण ताणून बसविलेल्या गांडुळाकडे मासा ढुंकून पाहत नाही.

कसब खरे आहे ते तरंगा वाचण्यात. तरंगा नुसता थरथरतो तेव्हा लहान चिंगळ्या आमिषाचे लचके तोडीत असतात. तेथे काठी उचलणे म्हणजे रिकामा गळ पाहणे. वाम आमिष गिळीत सरपटते आणि तरंगा आडवा चालू लागतो. नवशिक्यास चकवणारी खूण वेगळीच: तरंगा बुडण्याऐवजी वर उचलला जातो आणि पाण्यावर आडवा पडतो. तळावर चरणाऱ्या माशाने गोळी तोंडात घेऊन मान वर केली, शिशाचा भार त्याने उचलला, म्हणून तरंग्यास खाली ओढणारे काही उरले नाही. नवखा बुडण्याची वाट पाहतो. जाणता याच क्षणी मनगटाने हिसका देतो. मरळ मात्र बेडकुळी धरल्यावर तरंग्यासह तळाशी जाते, आणि तिला ती गिळावयास अवसर दिला नाही तर तोंडातून गळ मोकळा निघून येतो.

महाराष्ट्रात कोणत्याही पाण्यावर गळ टाकण्याची मुभा आहे असे मानणे चुकीचे. धरणे व तलाव यांतील मासेमारीचे हक्क बहुधा ठेक्याने मच्छीमार सहकारी संस्थांकडे असतात, तेव्हा त्यांची परवानगी घ्यावी. संस्थेच्या माणसाशी चहावर बोलणे हाच ती मिळविण्याचा रूढ मार्ग आहे. राष्ट्रीय उद्याने व अभयारण्ये यांत मनाई आहे. १ जून ते ३१ जुलै ही समुद्रातील बंदी यांत्रिक नौकांसाठी असते. मुंबईत पवई तलावावर महाराष्ट्र स्टेट अँगलिंग असोसिएशनचे सभासद परवान्याने बसतात. तलावात मगरी असल्याने पाण्यात पाय सोडून बसण्याची चैन तेथे करू नये. काही पाण्यांना कायद्याची गरजच पडत नाही: महाडजवळ काळ नदीवरील वाळण कोंडीतील महसीर वरदायिनी देवीचे मानले जातात आणि भाविक त्यांना खाऊ घालतात, मारीत कोणी नाही. टाटा कंपनीने लोणावळ्यास वळवण येथे १९७० च्या दशकापासून महसीराची पैदास चालविली आहे.

विनोदासाठी जीव धरावा काय, हा आक्षेप जुना आहे आणि तो हसण्यावारी नेण्याजोगा नाही. २००३ साली लिन स्नेडन व सहकाऱ्यांनी ट्राउट माशाच्या ओठांत वेदना ग्रहण करणारे मज्जातंतू असल्याचे दाखविल्यापासून ‘माशास काही कळत नाही’ हे म्हणणे टिकत नाही. धरून सोडून देणे हा अनेकांचा तोडगा. पण जर्मनीतील प्राणिकल्याणाचा कायदा सबळ कारणावाचून वेदना देण्यास मना करीत असल्याने तेथे खाण्याच्या हेतूविना मासे धरणेच संशयास्पद ठरते, आणि काठी हातात घेण्यापूर्वी परीक्षा द्यावी लागते. आमच्या मते खावयाचा तेवढा धरावा व तो लगेच मारावा, आणि सोडावयाचाच असेल तर गळाचा उलटा काटा आधीच पकडीने दाबून टाकावा, मासा ओल्या हाताने धरावा, कोरड्या हाताने त्याच्या अंगावरचा चिकट संरक्षक थर निघतो.

एकट्याने जाणाऱ्यास उपदेश करणारे पुष्कळ असतात. त्यांतला ग्राह्य भाग थोडा आहे. कोणत्या पाण्यावर जात आहोत व केव्हा परतणार हे घरी सांगावे. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात समुद्रातील कातळावर बसू नये, कारण परतीची वाट आधी बुडते आणि बसण्याची जागा मागाहून. धरणाखालच्या नदीपात्रात भोंगा वाजला की सामान सोडून वर यावे. कार्बनच्या तंतूंची आधुनिक काठी विजेची सुवाहक असल्याने ढग गडगडू लागताच ती खाली ठेवावी, आणि विजेच्या तारांखालून जाताना ती आडवी धरावी.