दुखावलेला हात आणि राखलेली जागा

यंत्रांत सांपडून दुखावलेला हात महिन्या-दोन महिन्यांत बरा होतो. पण तोंवर कामगाराच्या जागेचें काय? हा प्रश्न हिंदुस्थानांतील कायद्यास उशिरांच सुचला. १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्यानें तात्पुरत्या अपंगत्वासाठीं दर पंधरवड्यास मासिक वेतनाचा चतुर्थांश, परंतु १५ रुपयांहून अधिक नाहीं, देऊं केला. पहिले १० दिवस तर हिशेबांतच नव्हते. पैसा मिळाला, तरी जागा राखण्याची हमी त्यांत नव्हती. ती १९४८ च्या राज्य कामगार विमा कायद्याच्या ७३ व्या कलमानें मिळाली: असा भत्ता चालू असतां विमेदार कामगारास काढून टाकण्यास मालकास मनाई झाली.

तथापि परतलेल्या मनुष्यास कांहीं दिवस हलकें काम वा बसावयास स्टूल द्यावें, असें बंधन त्यांतही नव्हतें. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानें वाजवी सोयींचें तत्त्व मान्य केलें खरें. परंतु त्याच्या व्याख्येंतील व्यंग दीर्घकालीन आहे. सहा आठवडे प्लास्टरांत असलेला हात तींत बसत नाहीं. वस्तुतः ज्याची अडचण लवकर सरणार, त्याची सोय करणें मालकास सर्वांत सोपें. नेमकी तीच त्याच्या मर्जीवर राहावी, हा विरोधाभास सुज्ञ वाचकांनीं विचारांत घेण्याजोगा आहे.