सूर्याकडे बघा, असं सांगितलं कुणी?

मंडळी, आपल्या नागभीडकडे मोहफुलं पहाटे वेचतात, तेंदूपत्ता सकाळीच तोडून घेतात. ऊन चढलं की डोक्यावर दुपट्टा घेऊन माणूस सावली धरतो. त्याच माणसाला आता मोबाईलवर ऐकायला मिळतं : डोळ्यांना उजेड सहन होत नाही? रोज सूर्याकडे टक लावा, ऋषिमुनींचा उपाय आहे!

बरं, पोथ्याच उघडू. वाग्भटाच्या 'अष्टांगहृदया'त, दिनचर्येच्या अध्यायात, सूर्याकडे मुळीच पाहू नये असं आहे. 'हठप्रदीपिके'तलं त्राटक एखाद्या सूक्ष्म लक्ष्यावर करायचं. सूर्याचा तिथं उल्लेख नाही. म्हणजे पोथीत मनाई, आणि नाव मात्र पोथीचं! मग हे आलं कुठून? बरंचसं न्यूयॉर्कहून. विल्यम बेट्स या नेत्रवैद्यानं १९२० च्या पुस्तकात चष्म्याशिवाय नजर सुधारण्याचे जे उपाय दिले, त्यात सूर्याकडे पाहणंही होतं. पुढे डोळे मिटून ऊन घेण्याचं सौम्य रूप आलं. औंधच्या राजांनी ज्यांचा प्रसार केला ते सूर्यनमस्कार वेगळे. तो अंगाचा व्यायाम.

दृष्टिपटलाला वेदना कळत नाही. ते भाजलं तरी त्या क्षणी दुखत नाही. नजरेतला डाग काही तासांनी जाणवतो. उजेड खुपत असेल तर कोरडेपणा, सूज, अर्धशिशी, यातलं काय आहे ते तपासून घ्या. आणि घरात काळा चष्मा लावून बसू नका, त्यानं डोळे आणखी हळवे होतात.