तोंडाच्या कर्करोगाचा माग

यवतमाळ जिल्ह्यांतील कोणत्याही गांवीं पानठेल्यापाशीं घटकाभर उभें राहावें. सुपारी, तंबाखू व चुना प्लॅस्टिकच्या कागदांत घोटून खर्रा तयार होतांना दिसेल. ती चीज गालांत धरून कित्येकांचा दिवस जातो, आणि आम्हां सुशिक्षितांचीं घरेंही तिजपासून अलिप्त राहिलेलीं नाहींत. गालांतील या गोळ्याचा कर्करोगाशीं संबंध काय, हा प्रश्न ऐंशी वर्षांपूर्वीं मुंबईच्या एका विकृतिशास्त्रज्ञानें हातीं घेतला होता.

परळचें टाटा स्मारक रुग्णालय १९४१ सालीं उघडलें. तेथील प्रयोगशाळांचे प्रमुख डॉ. वसंत रामजी खानोलकर हे व्रणाइतकीच रोग्याची चालरीतही न्याहाळीत. मुंबईंतील मुखकर्करोगाच्या लागोपाठ आलेल्या १००० रोग्यांचा त्यांचा आढावा १९४४ सालीं प्रसिद्ध झाला. पुढच्याच वर्षीं सूर्याबाई यांच्यासह लिहिलेल्या निबंधांत त्यांनीं चालीरीतींतून उद्भवणारे तीन कर्करोग वर्णिले: कमरेस करकचून नेसलेल्या धोतराचा, पेटलें टोंक तोंडांत धरून ओढलेल्या चुट्ट्याचा, आणि खालच्या ओठामागें तंबाखू-चुना धरून ठेवण्याचा. यांतील तिसरा आमच्या खर्र्याचा सख्खा भाऊच म्हणावा! रोग्याच्या संवयींत रोगाचें कारण शोधण्याची ही दृष्टि आम्हांस त्यांच्या सूक्ष्मदर्शकाहून मोलाची वाटते.

परंतु पेशीच्या आंत नेमकें काय बिघडतें, हें त्या सूक्ष्मदर्शकांतून दिसण्यासारखें नव्हतें. त्याचा एक धागा अगदींच अनपेक्षित ठिकाणीं सांपडला. १९९३ सालीं व्हिक्टर अँब्रोस व गॅरी रव्हकुन या अमेरिकन शास्त्रज्ञांनीं मिलिमीटरभर लांबीच्या एका कृमींत, अवघ्या बावीसएक अक्षरांच्या, स्वतः कोणतेंही प्रथिन न बनविणाऱ्या आर्‌एन्‌ए-रेणूचें कार्य उलगडलें. जनुक प्रथिन बनविण्याचा हुकूम चिठ्ठीवर लिहून पाठवितें. हा चिमुकला मायक्रो-आर्‌एन्‌ए त्या चिठ्ठीस चिकटून ती निकामी करतो. २००२ सालीं कार्लो क्रोचे यांच्या मंडळीस एका रेंगाळणाऱ्या रक्तकर्करोगाच्या बहुसंख्य रोग्यांत असे दोन रेणू नाहींसे वा उणे झालेले आढळले. मुखकर्करोगांत प्रकार उलटा. तेथें ‘मिर-२१’ नांवाचा रेणू फाजील वाढतो, आणि पेशींची वाढ आवरणाऱ्या प्रथिनांच्याच चिठ्ठ्या दाबून टाकतो. अँब्रोस व रव्हकुन यांस २०२४ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें.

थुंकींतील अशा रेणूंवरून रोग लवकर ओळखण्याचे प्रयोग चालू आहेत. इकडे महाराष्ट्रांत २०१२ सालीं गुटख्यावर बंदी आली, तरी खर्रा ठेल्यावर घोटला जातोच. त्यांतील सुपारीनें गालाचें अस्तर ताठरतें व तोंड हळूहळू उघडेनासें होतें. आपलीं तीन बोटें उभीं जुळवून तोंडांत शिरेनाशीं झालीं, कीं कर्करोगाची ही पूर्वावस्था असूं शकते असें समजून दवाखाना गांठावा.